मृगया आणि सही

सरकारी नमुन्यांत रकाने कमी असतात, अशी तक्रार आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तथापि काही वर्षांपूर्वी अशाच एका नमुन्यात एक रकाना कमी असल्याचे आम्हांस आढळून आले, आणि त्या उणिवेपायी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकारीचा श्रीगणेशा गिरविण्याची पाळी आमच्यावर आली. स्वतःची हकिकत सांगण्याची आम्हांस हौस नाही. परंतु मुलुखाबाहेर चाकरी करणाऱ्या आमच्यासारख्या पुष्कळांच्या टेबलावर तो किंवा त्यासारखा नमुना केव्हा ना केव्हा येतोच. म्हणून हे लिहीत आहोत.

गंगेच्या खोऱ्यातील एका जिल्ह्यात आमची नेमणूक होती. आपल्याकडे विदर्भात ज्याला रोही म्हणतात, ती नीलगाय तिकडे हरभरा, मसूर आणि गहू यांच्या शेतांत कळपांनी उतरते. खाते त्याहून अधिक तुडविते. पौष-माघाच्या थंडीत शेतकरी बांधावर खाट टाकून, रिकामे डबे बडवीत रात्री काढतात, आणि पहाटे डोळा लागला की तासाभरात वर्षाची कमाई मातीत जाते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकाऱ्याचा उरलासुरला मार्गही बंद केला, हे योग्यच झाले. मात्र माणसाच्या जिवाला अथवा उभ्या पिकाला धोका निर्माण झाल्यास, अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने कारणे नमूद करून जनावर मारण्याची परवानगी द्यावी, अशी वाट कायद्याने ठेवली आहे. तो अधिकार ज्यांच्याकडे सोपविलेला होता, त्यांत आम्ही एक होतो. अर्ज आले, पंचनामे झाले, टिपणी वर आली, आम्ही सही केली. परवानाधारक नेमबाजाने काम केले. अहवालात तारीख, ठिकाण, मारलेल्या जनावरांची संख्या सात, आणि ती पुरल्याचा पंचनामा, असे सर्व यथास्थित होते. प्रकरण दप्तरी दाखल झाले.

दोन दिवसांनी तो नेमबाज आमच्या दाराशी आला. फौजेतून निवृत्त झालेले साठीचे गृहस्थ. सारा गाव त्यांना सुभेदारसाहेब म्हणे. बराच वेळ ते उभेच राहिले. मग म्हणाले, "साहेब, सात लिहिली आहेत ती खरी आहेत. पण आणखी दोन जनावरांना गोळी लागली आहे. ती पळाली, सापडली नाहीत. ती कुठे लिहायची, ते कागदावर दिसले नाही. आणि हुकमाची मुदत संपली, म्हणून बंदूक घेऊन शोधायलाही जाता येत नाही."

मुदत वाढविण्याचा कागद तयार होऊन परत यावयास चार दिवस लागले. एक जनावर कालव्याच्या काठी गुराख्यांच्या पोरांना मेलेले सापडले; दुसरे सापडलेच नाही. कोणाची चूक म्हणावी? अर्ज खरा होता, नुकसान खरे होते, हुकूम नियमास धरून होता. परंतु त्या चार दिवसांत कोठेतरी उसाच्या फडात पोटात गोळी घेऊन पडलेले ते जनावर आमच्या डोळ्यांसमोरून हलेना. आम्ही सुभेदारांस म्हणालो, "हे काम कसे करतात ते आम्हांस शिकवा." त्यांनी आम्हांस नीट न्याहाळले आणि म्हणाले, "या वयात?"

हाच प्रश्न घरीही झाला. आमच्याकडे श्रावण सोडला तर मांसमच्छी चालते. परंतु ज्या घरात तीन पिढ्यांत कोणी कोंबडीच्या मानेवर सुरी ठेवलेली नाही, त्या घरातील गृहस्थाने नेमबाजीच्या मैदानावर जाऊन कागदी लक्ष्ये फोडावी आणि पहाटे शिकाऱ्याच्या मागे शेते तुडवावी, हे सौभाग्यवतीस विपरीत वाटले. "मारणे शिकून माणूस चांगला होतो, असे कोठे लिहिले आहे?" असे तिने विचारले. प्रश्न बिनतोड होता.

लिहिले आहे ते बहुधा याच्या उलटच आहे. मनुस्मृतीने राजाची कामज व्यसने सांगितली, त्यांत मृगया अग्रस्थानी ठेविली. कौटिल्याने मात्र अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात या प्रश्नाचा दुसऱ्या अंगाने विचार केला आहे. द्यूत आणि मृगया यांत अधिक घातक कोणते, असा वाद मांडून, मृगयेस अधिक दोष देणाऱ्या पिशुनाचे मत त्याने खोडून काढले. मृगयेने व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर हात बसतो, हे तर त्याने सांगितलेच. परंतु क्रोधात आणि भयात पशूंचे चित्त कसे असते याचे ज्ञान होते, हाही लाभ त्याने मोजला. मारावयाचे त्याचे मन जाणावे लागते, ही गोष्ट त्या कठोर व्यवहारपंडिताच्या नजरेतून सुटली नाही.

लहानपणी शिकार शिकणारा आणि प्रौढपणी शिकणारा यांत मोठा भेद आहे. वडिलांच्या मागून रानात जाणाऱ्या मुलास 'का' हा प्रश्न पडत नाही. त्याला हात आधी येतो आणि विवेक, आलाच तर, मागून येतो. सालिम अलींच्या हाती बालपणी छऱ्याची बंदूक होती. तिने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीने त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात नेले, आणि पुढे देशाला एक थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु अशा चिमण्या पाडणारी मुले हजारो असतात आणि सालिम अली एखादाच निघतो. प्रौढाला मात्र अजाणतेपणाची सबब नाही. त्याने 'का' याचे उत्तर दिल्यावाचून बंदुकीस हात लावणे हाच पहिला अपराध होय. आमचे उत्तर एवढेच होते की, जे आम्ही सहीने घडवून आणतो ते काय असते, हे आम्हांस ठाऊक असावे.

कायद्याने आम्हांस जनावरावर गोळी झाडण्याचा अधिकार नव्हता व आम्ही तो मागितलाही नाही. कागदी लक्ष्यावर हात बसविणे आणि परवानगीचे काम चालू असता सुभेदारांच्या मागे रिकाम्या हाताने चालणे, एवढेच आमचे शिक्षण. दोन हिवाळे ते चालले. त्यात एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. नवशिक्याला आरंभी जे शिकवितात, ते बहुतांशी गोळी न झाडण्याचे शिक्षण असते. आणि त्यातील प्रत्येक धड्याची कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते.

पहिला धडा पाहण्याचा. झुडूप हलले, पाचोळा वाजला, एवढ्यावर चापास बोट लावावयाचे नाही. समोर काय आहे हे पुरते दिसले पाहिजे, आणि त्याच्या पलीकडे काय आहे तेही. गोळी जनावरापाशी थांबेलच असा नेम नसतो. मागे मातीचा उंचवटा हवा, झोपडी वा पाऊलवाट नको. एका पहाटे चांगला मोठा नर साठ पावलांवर उभा असता सुभेदारांनी बंदूक खाली घेतली. आम्हांस कारण कळेना. त्यांनी बोट दाखविले. जनावराच्या पाठीमागे, धुक्यात, कोणी बिडी पेटविली होती. दशरथाची कथा आम्ही श्रावणाच्या पितृभक्तीची म्हणून ऐकली होती. त्या पहाटे ती आम्हांस प्रथमच शिकाऱ्याची कथा वाटली. शब्दवेधी बाणाचा ज्याला गर्व होता, त्याने घागर भरण्याचा आवाज ऐकला आणि न पाहता बाण सोडला. दशरथ क्रूर नव्हता. तो निष्णात होता. त्याचा दोष एवढाच की, आपल्या कौशल्यास त्याने पाहण्याच्या जागी बसविले.

दुसरा धडा थांबण्याचा. जनावर दिसले म्हणजे वेळ आली असे नव्हे. ते आडवे वळले पाहिजे, पुढचा पाय सरला पाहिजे, म्हणजे खांद्यामागचा तो वीतभर भाग उघडा पडतो, जेथे हृदय आणि फुप्फुसे आहेत. पाठमोऱ्यावर नाही, धावत्यावर नाही, कळपाच्या दाटीत नाही, पिल्लू मागे असलेल्या मादीवर नाही. कित्येक दिवस केवळ थांबण्यात जातात आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी परतावे लागते. पांडूच्या कथेचे मर्म येथेच आहे. मृगरूपाने रममाण झालेल्या किंदम ऋषीने मरताना त्याला शाप दिला. परंतु मृग मारल्याबद्दल आपण त्याला दोष देत नाही, असे ऋषीने स्पष्ट म्हटले आहे. दोष आहे तो क्षणभर न थांबल्याचा. मारण्याचा अधिकार मान्य करूनही त्या अधिकाराला वेळेचे बंधन असते, हे महाभारतकाराने इतक्या सूक्ष्मपणे सांगितले आहे की, आपण शाप लक्षात ठेवतो आणि कारण विसरतो.

तिसरा धडा माग काढण्याचा, आणि तो सर्वांत कठीण. गोळी लागल्यावर जनावर क्वचितच जागीच कोसळते, ते पळते. नवशिका त्याच्यामागे धावतो, आणि जे जनावर थोड्या अंतरावर शांतपणे पडून मरावयाचे, ते भीतीने मैलभर जाते. सुभेदार गोळीच्या जागी काठी रोवीत, घड्याळ पाहत आणि अर्धा तास मुकाट बसून राहत. मग वाकून रक्त पाहत. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे गोळी फुप्फुसात. जनावर दूर नाही. काळसर, हिरवट चोथा मिसळलेले रक्त म्हणजे पोट. आता कित्येक तास थांबावयाचे आणि मग अंधार पडो की पाऊस येवो, शोध सोडावयाचा नाही. "गोळी झाडेपर्यंत जनावर रानाचे असते, साहेब," ते एकदा म्हणाले, "लागल्यावर ते माझे होते."

हा धडा टाळल्याची किंमत कोणाला द्यावी लागते, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली, अशी नोंद त्यांनी 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' या १९४४ च्या ग्रंथात केली आहे. ती नरभक्षक का झाली? तिच्या तोंडातील उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. ती जुन्या गोळीची जखम होती, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष आहे. नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले होते. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, एक गोळी निष्काळजीपणाने झाडली आणि जखमी जनावराचा माग न काढता तो घरी गेला. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. तो कदाचित सज्जन असेल. कदाचित शिकारीचा तो त्याचा पहिलाच दिवस असेल. "लागली असती तर पडली असती," असे म्हणून त्या रात्री तो सुखाने झोपलाही असेल. ज्या गावांतून चूल पेटवावयास सरपण आणण्यासाठी बायका जंगलात जाईनाशा झाल्या, त्या गावांशी आपला काही संबंध आहे, हे त्याला मरेपर्यंत कळले नसेल.

ही कथा वाचताना आम्हांस तो अज्ञात शिकारी परका वाटला नाही. आम्हीही सही करून घरी गेलो होतो.

येथे अहिंसावादी वाचक विचारील की, नीट मारणे म्हणजे न मारणे नव्हे. मग या नीटपणाचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य यातना भोगणाऱ्या एका वासराचा अंत करण्यास गांधीजींनी संमती दिली आणि देशभर वादळ उठले. त्याच लेखनात त्यांनी आश्रमाच्या पिकांस उपद्रव देणाऱ्या माकडांचा प्रश्नही घेतला आहे, आणि दोहोंत त्यांनी केलेला भेद मननीय आहे. वासराचा अंत त्याच्या हितासाठी. माकडे मारावयाची तर ती आपल्या पिकासाठी, म्हणून ती हिंसाच. शेती करणाऱ्या समाजास हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही हेही त्यांनी मान्य केले. परंतु अपरिहार्य हिंसेस अहिंसेचे नाव देऊन त्यांनी स्वतःची समजूत काढली नाही. आम्हांस वाटते, आमची जागा तेथेच आहे. नीलगाय मारणे ही हिंसा आहे. शेतकऱ्याची चूल विझू देणे हीही हिंसाच. यांतून एक पत्करावी लागते, तेव्हा जी पत्करली तिचा हिशेब पुरता ठेवणे एवढे तरी आपल्या हातात उरते. नीटपणा हे पुण्य नव्हे; तो त्या हिशेबाचा किमान प्रामाणिकपणा आहे.

ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तेथेही विचारी लोकांनी हाच हिशेब निरनिराळ्या रीतींनी मांडला आहे. जर्मनीत शिकाऱ्यास परवान्यापूर्वी लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ती इतकी कठीण की तिला लोक थट्टेने 'हिरवी मॅट्रिक' म्हणतात. जखमी जनावरास विनाकारण यातना होऊ नयेत म्हणून त्याचा अंत अविलंब करणे तेथे कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेतील वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. इतर खेळांत प्रेक्षक असतात. शिकाऱ्याला टाळ्या वाजविणारे वा नावे ठेवणारे कोणी नसते, आणि म्हणून त्याचे वर्तन त्याच्या स्वतःच्या विवेकावर सोडलेले असते. लिओपोल्ड स्वतःही तरुणपणी दिसेल त्या लांडग्यावर गोळ्या झाडणाऱ्यांपैकीच होते. एका मरत्या लांडगीच्या डोळ्यांतील हिरवी ज्वाला विझताना त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या विचारांस निराळे वळण लागले. ते तेथवर चालत गेले नसते, तर त्यांना ती दिसली नसती.

स्पॅनिश तत्त्वज्ञ ऑर्तेगा यांनी १९४२ साली एका शिकारग्रंथाच्या प्रस्तावनेत असे प्रतिपादिले की, खरा शिकारी मारण्यासाठी शिकार करीत नाही. शिकार पूर्ण व्हावी म्हणून मारतो. हे तत्त्व आम्हांस सर्वस्वी पटत नाही, परंतु त्याने आमची स्थिती आम्हांस दाखविली. आम्ही याच्या अगदी उलट होतो. आम्ही शिकार न करता मारीत होतो. न पाहता, न थांबता आणि माग न काढता.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर यांना एका वर्षापुरते उपद्रवी ठरविले, आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर खटका उडाला, हे पुष्कळांस स्मरत असेल. वाद झाला तो मारावे की न मारावे याचा. तो आवश्यकच होता. परंतु मारावयाचे ठरल्यावर जे काही घडते, त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हा आला नाही. तो यावयास सुभेदारांना आमच्या दारात उभे राहावे लागले.

मोकामा गंगेच्या दक्षिण तीरावर आहे. उत्तरेस मिथिला, महाभारतातील धर्मव्याधाची नगरी. त्याची कथा आपण सांगतो ती, मांस विकणाराही ज्ञानी असू शकतो, एवढ्याचसाठी. पण ती कथा जेथे सुरू होते, तेथे आपण थांबत नाही. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली बसला असता त्याच्या अंगावर एका बगळीने विष्ठा टाकली. त्याने रागाने वर पाहिले आणि ती गतप्राण होऊन खाली पडली. त्याने हात उचलला नाही, शस्त्र घेतले नाही. केवळ दृष्टी टाकली. अशा माणसाला धर्म शिकावयास महाभारतकाराने कोणाकडे पाठविले? जो रोज मांसाच्या ताजव्यापाशी उभा असतो, त्याच्याकडे. तो व्याध सांगतो की, आपण स्वतः प्राणी मारीत नाही, मांस खात नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो. आणि तरीही आपले कर्म घोर आहे, हे तो नाकारीत नाही. नांगर धरणाराही मातीतील असंख्य जीव मारतो, हेही तोच सांगतो. हात स्वच्छ आहेत म्हणून कर्म स्वच्छ आहे, अशी पळवाट त्याने स्वतःसाठी ठेविली नाही.

आपण अधिकारी मंडळी व्याधापेक्षा कौशिकालाच अधिक जवळची. आपली सही ही तसलीच दृष्टी आहे. ती पडते, आणि दूर कोठे काहीतरी खाली येते. कधी नीलगाय, कधी झोपडी, कधी कोणाची नोकरी. आणि परक्या मुलुखात तर आणखी एक सोय असते: तीन वर्षांनी बदली होते, आणि जे जखमी होऊन पळाले ते नंतर येणाऱ्याच्या हद्दीत मरते.

यावरून प्रत्येक अधिकाऱ्याने बंदूक शिकावी, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. सौभाग्यवतीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर आजही हेच की, मारणे शिकून माणूस चांगला होत नाही. परंतु आपल्या हुकमाने जे मरते त्याच्यापर्यंत एकदा पायी चालत गेल्यावर, पुढचा हुकूम लिहिताना हात थोडा थांबतो. तेवढे थांबणे आम्ही शिकलो.

दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा अर्ज आले. त्या वेळच्या हुकमात आम्ही तीन अटी घातल्या: काम दिवसाउजेडी व्हावे, पिल्लू असलेल्या मादीवर गोळी झाडू नये, आणि जखमी जनावर सापडेपर्यंत शोधासाठी मुदत आपोआप वाढलेली समजावी. आणि अहवालाच्या नमुन्यात आम्ही स्वतः पट्टीने रेघ मारून एक रकाना वाढविला: 'गोळी लागून न सापडलेली जनावरे'. आमच्या बाबूंस तो अनावश्यक वाटला. असा रकाना ठेवला तर त्यात नेहमी शून्यच लिहून येईल, असे त्यांचे म्हणणे पडले.

महिनाभराने अहवाल आला. मारलेली, चार. नव्या रकान्यात, सुभेदारांच्या वळणदार अक्षरात, 'एक' असे लिहिले होते, आणि खाली शोधाचे तीन दिवस, तारीखवार. त्या कागदावर 'पाहिले' असे लिहून सही करावयास आम्हांस बराच वेळ लागला.